हिरवा कोणी दाखविला याचा दाखला

शिरूर (घोडनदी), जिल्हा पुणे
दिनांक १४ जानेवारी १९६३

प्रति,
मा. विमानतळ अधिकारी साहेब,
लोहगाव विमानतळ, पुणे यांचे सेवेशी

अर्जदार : फिलिप सावळाराम रणभिसे, सेवानिवृत्त रेल्वे गार्ड, राहणार मिशन कंपाउंडजवळ, शिरूर.

विषय : पुणे ते नागपूर हवाई अंतर व उड्डाणास लागणारा वेळ लेखी कळविण्याबाबत, तसेच अर्जदार चुकला असल्याचा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : १) गुरुवार, दि. ८ नोव्हेंबर १९६२ रोजी सकाळी आठ वाजता लोहगावहून नागपूरकडे सुटलेले विमान.
२) अर्जदाराच्या पत्नीची तोंडी अट.

महोदय,

खाली सही करणार याची सविनय हकिकत अशी की,

१. अर्जदार दौंड जंक्शनला तीस वर्षे रेल्वेच्या नोकरीत होता व गार्ड म्हणून सेवानिवृत्त झाला. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा इसम. त्याने हिरवा झेंडा दाखविल्याखेरीज ड्रायव्हर गाडी सोडीत नाही. हे काम फार वर्षे केले की माणसाला वाटू लागते, जगात जे जे हलते ते आपल्या परवानगीने हलते. अर्जदारालाही तसे वाटत असे. घरच्या मंडळींचा तसा समज कधीच नव्हता, पण त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

२. अर्जदाराची मुलगी रूथ पुण्यास लष्करी इस्पितळात नर्स आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास सरहद्दीवर लढाई पेटली आणि जखमींच्या शुश्रूषेसाठी आसामकडे कोण जाणार, अशी विचारणा झाली. रूथने पहिला हात वर केला. विचारण्याआधी हात वर करण्याची खोड तिने बापाकडून घेतली, असे तिच्या आईचे म्हणणे आहे व ते खोडून काढण्यासारखा पुरावा अर्जदाराजवळ नाही.

तिची आई म्हणजे अर्जदाराची पत्नी कृपाबाई. तिचा धाकटा भाऊ मागच्या लढाईत त्याच बाजूला, ब्रह्मदेशाकडे गेला तो परतला नाही. मुलगी निरोप घ्यायला शिरूरला आली त्या दिवशी कृपाबाई पडवीत पाठमोरी बसून ज्वारी निवडीत होती. मुलगी हातात पिशवी घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली व म्हणाली, “आई, येते.” कृपाबाईने मान वर केली नाही. “लई खडे हायत या ज्वारीत,” एवढेच ती म्हणाली. मुलगी पायरी उतरून निघाली. अर्जदार तिला एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचवून आला, तरी ज्वारी निवडणे चालूच होते. ज्वारी आदल्या दिवशीच निवडून झालेली होती.

३. गुरुवारी सकाळी आठला लोहगावहून निघणार, पहिला मुक्काम नागपूर, एवढे मुलीने जाताना सांगितले होते. विमान वरून जाताना आपण खालून हात हलवावा अशी कल्पना अर्जदाराच्या डोक्यात आली. कल्पना वाईट नव्हती. पुढचे सर्व वाईट अर्जदाराने स्वतःच्या अकलेने केले.

पुणे ते नागपूर अंतर अर्जदारास तोंडपाठ होते. पुणे ते दौंड, दौंड ते मनमाड, तेथून भुसावळ आणि नागपूर, मिळून साडेपाचशे मैलांच्या वर. विमान ताशी दीडशे मैल जाते असे वर्तमानपत्रात आले होते. या हिशेबाने ते आठ वाजून वीस मिनिटांच्या आत-बाहेर दौंडवर यावयास हवे होते. विमान रुळांवरून जात नाही हे अर्जदारास माहीत नव्हते असे कृपया समजू नये. तथापि पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबते, तिचे पुढचे इंजिन काढून मागे लावतात आणि गाडी तोंड फिरवून उत्तरेस निघते, हे त्याने तीस वर्षे पाहिलेले होते. पुण्याहून नागपूरला जाणारी कोणतीही वस्तू दौंडला तोंड फिरविते, हे त्याच्या मनात इतके पक्के बसले होते की विमानाची गोष्ट वेगळी असेल अशी शंकासुद्धा आली नाही. विमान खाली उतरणार नाही, एवढी सवलत त्याने दिली. परंतु दौंडवर आल्यावर ते वेग कमी करील आणि डावीकडे वळेल, असे त्याने रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळीस उभे राहून सांगितले. वळताना ते कलंडते, सबब खिडकीत बसलेल्या मुलीस खालची माणसे स्वच्छ दिसतील, असेही सांगितले. ही शेवटची माहिती त्याला कोठून मिळाली हे आता आठवत नाही. बहुधा बोलता बोलताच सुचली असावी.

४. शेजारचे फुलबागायतदार दगडोबा यांचा शेवंतीचा ट्रक रोज पहाटे पुण्यास जातो. अर्जदाराच्या शब्दाखातर तो त्या गुरुवारी फुलांसह दौंडकडे नेण्यात आला. फुलांच्या पाट्यांवर अंग चोरून मंडळीतील पंचवीसेक माणसे, पाळकसाहेब व एक ढोलकी असा सरंजाम होता. न्हावऱ्याचा रस्ता आपण पाहिला असल्यास अधिक सांगण्याची गरज नाही, आणि पाहिला नसल्यास पाहू नये. कृपाबाई आली नाही. “मला न्हाई बघायचं,” असे तिने भिंतीकडे तोंड करून सांगितले.

दौंडला स्टेशनच्या पुलावर सर्व मंडळी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. विमान आले की आधी इकडे पाहावे, मग असे डावीकडे वळावे, हे अर्जदाराने हाताने करून दाखविले. आठ वाजून वीस मिनिटे झाली आणि खरोखरच पश्चिमेकडे एक काळा ठिपका दिसला. अर्जदाराने सोबत आणलेला हिरवा झेंडा काढून जोराने हलविला. (सदर झेंडा सेवानिवृत्तीच्या वेळी जमा करावयाचा राहून गेला होता. ही बाब आपल्या खात्याची नसल्याने तिकडे लक्ष देऊ नये.) बायकांनी पदर हलविले, ढोलकी वाजू लागली, पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ठिपका जवळ आला तेव्हा त्याने पंख हलविले. ती घार होती.

त्याच वेळी खाली यार्डात एक मालगाडी उभी होती. तिच्या ड्रायव्हरला पुलावर हिरवा दिसला व त्याने लांबलचक शिटी दिली. गाडी हलली नाही, हे देवाचे उपकार. परंतु तिचा गार्ड धापा टाकीत जिना चढून वर आला व त्याने विचारले, “हिरवा कुणी दाखवला?” पंचवीस माणसांनी एकाच वेळी अर्जदाराकडे बोट दाखविले. पाळकसाहेबांनी प्रार्थना अर्धवट सोडून दाखविले. हा तरुण गार्ड अर्जदाराच्याच हाताखाली झेंडा धरावयास शिकलेला. तो काही वेडेवाकडे बोलला नाही. “मामा, गुंडाळून ठेवा त्यो,” एवढेच म्हणाला. अपमान मोठ्याने झाला असता तर पचला असता.

विमान उशिरा येत आहे, असे अर्जदाराने त्यानंतर जाहीर केले. सिग्नल मिळाला नसेल, असे कारण दिले. आभाळात सिग्नल कुठे असतात, असे एका बाईने विचारले तेव्हा लढाईच्या दिवसांत बसविले असतील, असे उत्तर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले. दुपार झाली, भाकऱ्या सोडून झाल्या, ढोलकीवाला पुलावरच झोपला. शेवटी दगडोबा पुढे आले. ते मितभाषी गृहस्थ आहेत. म्हणाले, “गार्डसाहेब, इमान कुठं वळायचं तिथं वळू द्या. माझी शेवंती आता कुठं वळवू, तेवढं सांगा.”

५. दिवेलागणीला अर्जदार घरी पोहोचला. कृपाबाई दारातच उभी होती. मुलीने हात वर केल्याची बातमी आली तेव्हापासून न हसलेली ही बाई त्या संध्याकाळी हसत होती. तिने न मागता चहा ठेवला व पुढीलप्रमाणे सांगितले. तिचे शब्द जसेच्या तसे देणे अर्जदारास भाग आहे, कारण पुढील सर्व प्रकरण त्यांवर उभे आहे : “गेली पोर. आपल्या घरावरनं गेली. आवाज ऐकला तशी मी अंगणात धावले. काय घ्यावं सुचंना. दोरीवरचं हिरवं लुगडं वढलं, वलंच व्हतं, आन् दोन्ही हातांनी हालवलं. तिला दिसलं असंल, नसंल. पर म्या दावलं.”

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दौंडला रेल्वेच्या चाळीत असताना अर्जदाराची गाडी घरामागून जाई. तो शेवटच्या डब्यातून घराकडे हिरवा दिवा दाखवी. कृपाबाई दारात येऊन उभी राही, पण तिने उलट हात कधी हलविला नाही. लहानगी रूथ तिचा पदर ओढून म्हणे, आई, तूपण दाखव की. त्यावर ही म्हणे, “गाडी ज्याची त्यानं सोडावी.” साऱ्या संसारात न केलेली गोष्ट तिने त्या गुरुवारी केली. पोरीला तोंडाने दिला नाही तो निरोप तिने ओल्या लुगड्याने दिला.

हे सर्व अर्जदारास ठाऊक होते. तरीही त्याने बशी खाली ठेवली, खिशातले घड्याळ बाहेर काढले आणि तिला समजावून सांगितले की नागपूरचे विमान शिरूरवरून जाणे शक्य नाही, नागपूरला दौंडवरून जावे लागते; ते सरावाचे एखादे विमान असणार; त्यात आपली मुलगी नव्हती. दिवसभर दौंडच्या पुलावर घारीला झेंडा दाखवून आलेला माणूस हे बोलत होता. कृपाबाईचे हसू गेले. तिने लुगड्याची घडी केली, ते ट्रंकेत ठेवले आणि स्वयंपाकाला लागली. तेव्हापासून ती अर्जदारास दोन वेळचे जेवण देते, खोकला आल्यास काढाही देते. बोलत मात्र नाही.

६. नोव्हेंबरच्या अखेरीस अर्जदार शाळेत गेला असता तेथे नव्या महाराष्ट्र राज्याचा मोठा नकाशा टांगलेला दिसला. अर्जदाराने जन्मभर एकच नकाशा पाहिला होता, तो रेल्वेच्या वेळापत्रकातला, ज्यात देशाला रुळांखेरीज दुसरे काही नसते. या नकाशात डोंगर आणि नद्याही होत्या. अर्जदार घरी येऊन कृपाबाईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन पुन्हा गेला. एक टोक पुण्यावर धरले, दुसरे नागपूरवर. दोरा ताणला आणि पाहिले. दौंड खाली राहिले होते. दोरा घोड नदी ओलांडीत होता, नेमका शिरूर या अक्षरांवरून.

महोदय, अर्जदार त्या नकाशापुढे बराच वेळ उभा होता. मास्तरांना वाटले, भूगोलाची गोडी लागली. मग त्याने हिशेब नव्याने केला. सरळ रेषेत पुणे ते नागपूर पावणेचारशे मैल भरतात, म्हणजे रुळांच्या वाटेपेक्षा पावणेदोनशे मैल कमी. उड्डाणास अडीच तास. लोहगावहून शिरूर पस्तीस मैल, म्हणजे सुटल्यावर पाव तासात विमान अर्जदाराच्या अंगणावर. कृपाबाई घड्याळ वापरीत नाही, पण विमान गेले तेव्हा ऊन पडवीच्या दुसऱ्या खांबाला होते, असे तिने त्या संध्याकाळी सांगितले होते. अर्जदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून खांब तपासला. सव्वाआठ. मुलीला निरोप देण्यासाठी जो माणूस शेजाऱ्याच्या फुलांवर बसून तीन तास भलत्याच दिशेला गेला, त्याच्या घरावरून मुलगी पाव तासात निघून गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण शिरूरमध्ये आता अर्जदाराकडे बोट दाखवून सांगतात.

७. अर्जदाराने त्याच दिवशी कृपाबाईस सांगितले की तू बरोबर होतीस. याने प्रकरण मिटेल अशी अपेक्षा होती. तीन आठवड्यांच्या अबोल्यानंतर ती प्रथमच बोलली, ते असे : “तवा घड्याळ काढून सांगितलं, आता नकाशा काढून सांगताय. उद्या काय काढाल? तुमच्या रेल्वेत कागदाबिगर गाडी सोडत न्हवते न्हवं? मग माझीबी सुटायची न्हाई. ज्यांनी इमान सोडलं त्यांचा कागद आणा.” अर्जदाराने तीस वर्षे ड्रायव्हर लोकांना ऐकविलेला नियम त्याला त्याच्याच स्वयंपाकघरात ऐकविण्यात आला.

आता महोदयांस वाटेल की मुलीलाच का विचारीत नाही. विचारले. ती सुखरूप आहे, लढाई थांबली तरी जखमी पुष्कळ असल्याने परतीचे सांगता येत नाही, असे लिहिते. त्या विमानात भिंतीला लागून बाके असतात, ती औषधांच्या खोक्यांत पाठ टेकून बसली होती, तिला दौंडही दिसले नाही आणि शिरूरही दिसले नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असतो : आईचा राग गेला का?

याचे उत्तर कृपाबाईजवळ आहे. म्या हिरवा दावला, एवढे लिहिले की झाले. ती शाळा शिकलेली आहे, अर्जदारापेक्षा अक्षर चांगले आहे. पण ती लिहीत नाही. दुसऱ्याच कोणाच्या विमानाला आपण लुगडे हलविले असेल आणि पोरीला कळविले की तुला पोहोचविले, तर ती खोटी साक्ष होईल, आणि खोट्या साक्षीबद्दल दहा आज्ञांत काय सांगितले आहे ते तिला पक्के ठाऊक आहे. अर्जदाराने परस्पर लिहावयास घेतले तर तिने आंतर्देशीय पत्र हातातून काढून घेतले. ही शंका तिच्या मनात मुळात नव्हती. ती अर्जदाराने घड्याळ काढून घातली. आसामात पोर विचारते आहे, शिरूरला उत्तर तयार आहे, आणि मधला रस्ता अर्जदाराने अडवून ठेवला आहे. याचे त्याला फार वाईट वाटते, व ही गोष्ट सरकारी भाषेत कशी लिहावी ते न कळल्याने तशीच लिहिली आहे.

८. डिसेंबरात अर्जदार समक्ष लोहगावास आला होता. लढाईच्या दिवसांत विमानांची वाट आणि वेळ विचारणारा म्हातारा पाहून फाटकावरील शीख जवानाने प्रथम बंदूक सरळ केली. अर्जदाराने खिशातून पुरावा म्हणून दोरा काढला, त्याने परिस्थिती सुधारली नाही. मात्र सर्व हकिकत ऐकल्यावर त्या भल्या माणसाने पाणी पाजले व सांगितले, “बाबाजी, लिखके भेजो. और घर में घड़ी मत निकालो.” सल्ल्याचा दुसरा भाग अर्जदाराने तेव्हापासून पाळला आहे. पहिला भाग म्हणजे हा अर्ज.

९. तरी विनंती की, खालीलपैकी जे देता येईल ते द्यावे. (अ) पुणे ते नागपूर हवाई अंतर किती व उड्डाणास वेळ किती लागतो, ते कार्यालयाच्या शिक्क्यानिशी कळवावे. (ब) संदर्भातील विमान त्या दिवशी सव्वाआठच्या सुमारास शिरूर गावावरून गेले, असा दाखला द्यावा. (क) विमानाची वाट लष्करी गुपित असल्यास ती मुळीच सांगू नये. “अर्जदार फिलिप रणभिसे यांचे दि. ८ नोव्हेंबर रोजी घरी केलेले विधान चुकीचे आहे,” एवढेच लिहावे. कारण देण्याची जरुरी नाही. असा दाखला आपणांस डोळे मिटून देता येईल. अर्जदारास ओळखणारी शिरूरमधील बहुतेक माणसे त्यावर साक्षीची सही करतील, दगडोबा दोनदा करतील.

दाखला अर्जदाराच्या नावे पाठवू नये. सोबतच्या लखोट्यावर पत्नीचे नाव घातले आहे. तो अर्जदार फोडणार नाही.

शेवटची एक विनंती. गाडी सुटली की गार्डाच्या वहीत लिहावे लागते, हिरवा कोणी दाखविला. आपल्याकडे तशी वही असते की नाही, माहीत नाही. त्या सकाळी रेल्वेच्या खऱ्या झेंड्यानिशी अर्जदार दौंडला घारीपुढे उभा होता. अंगणात ओले लुगडे घेऊन दुसरे कोणी उभे होते, आणि विमान तिच्या डोक्यावरून गेले. सबब वहीत तशी जागा असेल तर गार्ड म्हणून अर्जदाराचे नाव घालू नये. तेथे कृपाबाई फिलिप रणभिसे असे लिहावे, आणि तिने हिरवा दाखविला, असे लिहावे. रूथला ते कळविता येईल.

आपल्या कागदाची वाट पाहणारा,
फिलिप सावळाराम रणभिसे
सेवानिवृत्त गार्ड, दौंड

सोबत :
१. परतीचा लखोटा, तिकीट लावलेला, सौ. कृपाबाई यांच्या नावाचा.
२. दोरा, एक नग. एका टोकाची गाठ पुणे, दुसऱ्या टोकाची नागपूर, पुण्याजवळची मधली गाठ शिरूर. तपासून परत पाठवावा ही विनंती. शिवणाच्या डब्यातला आहे, आणि तो नाहीसा झाल्याचे घरात अजून कळलेले नाही.